वस्तूचे आयुष्य आणि झाडाचे वय : फर्निचर-उद्योगाच्या पर्यावरणविचाराची प्रस्तावना

फर्निचर तयार करणाऱ्या कारखान्याने पर्यावरणाची जबाबदारी कशी सांभाळावी, या प्रश्नाची चर्चा बहुधा लाकडापासून सुरू होते आणि लाकडापाशीच संपते. झाड तोडले की जंगल उणे होते, त्यामुळे लाकूड टाळून पत्रा, ॲल्युमिनियम किंवा प्लॅस्टिक वापरणारा कारखानदार निसर्गाला अधिक जपतो, ही समजूत केवळ ग्राहकांची नव्हे, तर दीर्घकाळ सरकारचीही होती. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ साली आपल्या कामांत लाकूड वापरण्यावर बंदी घातली आणि ती २०२० मध्ये उठली. बंदीमागचा हेतू निर्मळ होता, परंतु हिशेब अर्धाच मांडला गेला होता. एक टन पोलाद तयार होताना जागतिक सरासरीने दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. उलट वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग म्हणजे झाडाने हवेतून शोषून घेतलेला कार्बन असतो, त्यामुळे एक किलो कोरड्या लाकडात सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड बांधला गेलेला असतो आणि ते लाकूड जळेपर्यंत किंवा कुजेपर्यंत तो तसाच बांधलेला राहतो.

या शेवटच्या वाक्यांशातच विषयाची खरी किल्ली आहे. लाकडात कार्बन किती आहे यापेक्षा तो किती काळ तेथे राहणार आहे, हे महत्त्वाचे ठरते. साठ वर्षे वाढलेल्या सागाचे कपाट घराच्या सजावटीची तऱ्हा बदलली म्हणून दहा वर्षांत मोडीत निघाले, तर ते जंगलाकडून घेतलेले न फेडलेले कर्ज होय. याच्या उलट, सहा-आठ वर्षांत तोडणीला येणाऱ्या पॉप्लरच्या प्लायवुडचे कपाट पंधरा वर्षे टिकले, तर त्याच जमिनीत तेवढ्या काळात पॉप्लरची दुसरी फेरी उभी राहिलेली असते. वस्तूचे आयुष्य आणि तिच्यासाठी तोडलेल्या झाडाचे वय यांची सांगड घालणे, हा प्रस्तुत विषयाकडे पाहण्याचा सर्वांत प्रामाणिक मापदंड आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. हा मापदंड परिपूर्ण मात्र नाही, कारण फर्निचरमध्ये लाकडाखेरीज गोंद, रेझिन, रंग, फोम आणि धातू असतात आणि त्यांना झाडाच्या वयाचा हिशेब लागू पडत नाही.

जेवढे वाढते तेवढेच तोडावे, हा विचार नवा नाही. जर्मनीतील सॅक्सनी प्रांताच्या खाणींचा कारभार पाहणारे हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, चांदी वितळवण्याच्या भट्ट्यांनी जंगले खाऊन टाकल्याचे पाहून, हे तत्त्व पद्धतशीरपणे मांडले. भारतात त्याच तत्त्वाला जहाजबांधणीने चालना दिली. इंग्लंडात ओकची टंचाई भासू लागल्यावर मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी मलबारच्या सागाची जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. दोनशे वर्षांहून अधिक टिकणारे हे लाकूड ज्या जंगलांतून आले, ती जंगले मात्र एवढी टिकली नाहीत. मलबारचा साग झपाट्याने संपू लागला, तेव्हा जिल्हाधिकारी हेन्री कोनोली आणि त्यांचे सहकारी चातू मेनन यांनी १८४० च्या दशकात निलांबूर येथे सागाची लागवड केली. जगातील पहिली सागलागवड म्हणून तिचा उल्लेख होतो. आधी ओरबाडणे आणि मग लावणे, हा क्रम त्यानंतरही अनेकदा घडला आहे.

महाराष्ट्रातील सागाचा व्यवहार आज मुख्यतः सरकारी चौकटीत चालतो. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांतील सागवान बल्लारशा, आलापल्ली यांसारख्या ठिकाणच्या आगारांतून लिलावाने विकले जाते. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली हेच सागवान पाठवले गेले, तेव्हा विदर्भाबाहेरच्या अनेकांना त्याची थोरवी प्रथमच कळली. वनविभाग प्रत्येक वनक्षेत्रासाठी कार्यआयोजना तयार करतो. कोणत्या भागात, कोणत्या वर्षी, किती आणि किती जाडीची झाडे तोडायची हे ठरवून देणारा साधारण दहा वर्षांचा हा आराखडा असतो. खासगी जमिनीवरील झाडांसाठी १९६४ चा महाराष्ट्र झाडतोड नियमन अधिनियम आहे. लाकडावर वनविभागाने उमटवलेली हातोड्याची निशाणी आणि सोबतचा वाहतूक परवाना यांवरून ते कोठून आले हे सिद्ध करता येते. परंतु पर्यावरणनिष्ठ म्हणवणाऱ्या कारखान्याला येथेच एक भेद लक्षात घ्यावा लागतो : परवाना हा लाकूड चोरीचे नाही एवढेच सांगतो, ते ज्या जंगलातून आले त्या जंगलाची प्रकृती कशी आहे, हे तो सांगत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी प्रमाणीकरणाच्या पद्धती उभ्या राहिल्या. १९९३ साली स्थापन झालेली फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिल आणि पुढे युरोपातून सुरू झालेली पीईएफसी या दोन आंतरराष्ट्रीय व्यवस्था जंगलाची पाहणी करून प्रमाणपत्र देतात आणि त्या जंगलातील ओंडका आरागिरणीतून, म्हणजे लाकूड कापण्याच्या गिरणीतून, पुढे प्लायवुडच्या कारखान्यातून आणि शेवटी फर्निचरच्या कार्यशाळेतून जाताना इतर लाकडात मिसळला जाणार नाही, अशी नोंदीची साखळी घालून देतात. या साखळीतील एकही दुवा अप्रमाणित असला, तर अंतिम वस्तूवर चिन्ह लावता येत नाही. पद्धत तर्कशुद्ध आहे, पण खर्चिकही आहे. वर्षाकाठी काही ट्रक लाकूड वापरणाऱ्या छोट्या कार्यशाळेला लेखापरीक्षणाचा खर्च परवडत नाही आणि म्हणून अनेक लहान उत्पादकांनी एकत्र येऊन सामूहिक प्रमाणपत्र घेणे हाच तेथे व्यवहार्य मार्ग उरतो. प्रमाणपत्राचे चिन्ह छापलेले नाही म्हणून एखाद्या सुताराचे लाकूड वाईट ठरवणे हा मोठ्या कंपन्यांना सोयीचा, पण अन्याय्य न्याय आहे.

भारतातील लाकडाचा नकाशा बदलण्याचे काम मात्र प्रमाणपत्रांपेक्षा एका न्यायालयीन आदेशाने अधिक केले. टी. एन. गोदावर्मन थिरुमुलपाड यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशाने मंजूर कार्यआयोजनेशिवायची तोड थांबवली आणि ईशान्य भारतातील लाकडाच्या बाहेर जाण्यावर बंधन आणले. तोवर देशातील प्लायवुडचा मोठा भाग आसाम आणि अरुणाचलाच्या नैसर्गिक जंगलांवर पोसला जात होता. आदेशानंतर हा उद्योग हरियाणातील यमुनानगर आणि केरळातील पेरुंबावूर येथे जोमाने वाढला. यमुनानगरने शेताच्या बांधावरचा पॉप्लर आणि निलगिरी स्वीकारली, पेरुंबावूरने चिकाचे उत्पादन संपल्यावर, म्हणजे लागवडीनंतर पंचवीस-तीस वर्षांनी, तोडाव्याच लागणाऱ्या रबराच्या झाडांचे लाकूड. जंगलाऐवजी शेतातले लाकूड हा बदल पर्यावरणाच्या दृष्टीने फार मोठा आहे आणि त्याची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली गेलेली नाही. त्याचबरोबर आयात वाढली. कांडला बंदराजवळचे गांधीधाम परदेशी ओंडक्यांवर प्रक्रिया करणारे मोठे केंद्र बनले, आणि म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर इक्वेडोर, पनामा, घाना येथील लागवडींतला साग भारतीय बाजारात दिसू लागला. हा साग कमी वयात तोडलेला असल्यामुळे त्यात गडद, टिकाऊ अंतःकाष्ठ थोडे आणि वाळवीला लवकर बळी पडणारे फिकट रसकाष्ठ जास्त असते. दुकानात हा साग आणि पूर्ण वाढलेला साग, दोन्ही ‘सागवान’ या एकाच नावाने विकले जातात. उत्पादकाने ग्राहकाला हा फरक सांगणे, हीदेखील पर्यावरणाचीच बाब आहे, कारण लवकर पोखरली जाणारी वस्तू लवकर बदलावी लागते.

कोकण या संदर्भात वेगळा विचार मागतो, कारण तेथील बरेचसे जंगल खासगी मालकीचे आहे आणि आंबा, फणस, ऐन, किंजळ, शिवण यांसारखी उत्तम लाकडे पुष्कळदा फळ्या होण्याऐवजी जळणात जातात. बांबूची कथा त्याहून आशादायक आहे. २०१७ साली भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन बांबूला झाडाच्या व्याख्येतून वगळले गेले, त्यामुळे वनक्षेत्राबाहेर वाढवलेल्या बांबूच्या तोडणीवरची आणि वाहतुकीवरची बंधने सैल झाली. कुडाळच्या कॉनबॅक या संस्थेने माणगा जातीच्या भरीव, सरळ बांबूपासून फर्निचर बनवण्याचे तंत्र त्याआधीच रुजवले होते. बांबूची काठी तीन-चार वर्षांत पक्व होते आणि बेट जिवंत राहते, म्हणून वस्तूचे आयुष्य आणि झाडाचे वय यांच्या मघाच्या मापदंडावर बांबू सर्वांत वर बसतो. अट एवढीच की काठीतील स्टार्चला किडा लागू नये यासाठी तिला बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणाची प्रक्रिया करावी लागते. ही पायरी घाईत गाळली, तर वर्षभरात खुर्चीखाली पिठासारखा भुगा साचतो आणि ग्राहक बांबूलाच नावे ठेवतो.

आजच्या फर्निचरमध्ये अखंड लाकडाचा वाटा घटत गेला आहे आणि त्याची जागा बोर्डांनी घेतली आहे. प्लायवुड म्हणजे ओंडका सोलून काढलेले पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून केलेली फळी. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाच्या चिपांचा आणि एमडीएफ म्हणजे लाकडाच्या तंतूंचा, रेझिनसह उष्णतेत दाबलेला तक्ता. झाडाचा जो भाग पूर्वी वाया जाई तो या बोर्डांत वापरला जातो, ही त्यांची जमेची बाजू आहे. महाराष्ट्रासारख्या उसाच्या राज्यात चिपाडापासूनही पार्टिकल बोर्ड तयार झाला आहे. साखर कारखान्यांनी त्याच चिपाडावर वीज निर्माण करायला सुरुवात केल्यामुळे मात्र बोर्डाला कच्च्या मालासाठी स्पर्धा निर्माण झाली. एकाच टाकाऊ पदार्थाचे दोन पर्यावरणपूरक उपयोग एकमेकांच्या आड येतात, तेव्हा उत्तर सोपे राहत नाही.

बोर्डांची उणी बाजू त्यांच्या चिकटद्रव्यात आहे. स्वस्त बोर्डांत युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन वापरले जाते आणि दमट हवेत त्याचे हळूहळू विघटन होऊन फॉर्मल्डिहाइड वायू कित्येक महिने, कधी वर्षे, घरात सुटत राहतो. नव्या कपाटाचे दार उघडताच डोळे चुरचुरतात, तो हाच वायू. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने ठरवलेल्या आणि नंतर अमेरिकेने देशभर स्वीकारलेल्या मर्यादेनुसार प्लायवुडमधून हवेत उतरणाऱ्या फॉर्मल्डिहाइडचे प्रमाण दशलक्ष भागांत ०.०५, पार्टिकल बोर्डासाठी ०.०९ आणि एमडीएफसाठी ०.११ भागांपेक्षा अधिक असता कामा नये. युरोपात कमी फॉर्मल्डिहाइड सोडणाऱ्या बोर्डांसाठी ई-१ ही श्रेणी प्रचलित आहे आणि भारतीय बाजारातील चांगले उत्पादकही ती बोर्डावर छापतात. फिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिनचे बंध अधिक पक्के असतात. आयएस ७१० या भारतीय मानकाच्या सागरी प्लायवुडचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासला जातो तो त्यामुळेच. फर्निचर-उत्पादक स्वतः बोर्ड बनवत नसला, तरी कोणत्या श्रेणीचा बोर्ड घ्यायचा आणि त्याच्या कापलेल्या कडा पट्टीने पूर्ण बंद करायच्या की भिंतीकडची बाजू उघडी ठेवून चार पैसे वाचवायचे, हे त्याच्याच हाती असते. वायू मुख्यतः उघड्या कडांतून सुटतो आणि पाणीही तेथूनच शिरून बोर्ड फुगवते, त्यामुळे कडेची पट्टी आरोग्य आणि आयुष्य या दोन्हींचे एकाच वेळी रक्षण करते.

येथून विवेचन आराखड्याच्या टेबलाकडे वळते, कारण कारखान्याचा पर्यावरणावरील बहुतेक परिणाम यंत्र सुरू होण्यापूर्वी, रेखाटनातच ठरून गेलेला असतो. एक साधे उदाहरण पुरेसे आहे. बाजारात मिळणारा बोर्ड आठ बाय चार फुटांचा, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटरचा असतो. कपाटाच्या बाजूच्या फळीची खोली ६०० मिलिमीटर ठेवली, तर करवतीच्या पात्याच्या जाडीएवढी घट धरूनही एका बोर्डातून दोन सलग पट्ट्या निघतात. तीच खोली ६२० मिलिमीटर केली, तर एकच पट्टी निघते आणि उरलेला जवळजवळ अर्धा बोर्ड त्या कामापुरता बाद होतो. कचऱ्याच्या व्यवस्थापनावर कितीही खर्च केला, तरी वीस मिलिमीटरच्या या निष्काळजीपणाची भरपाई होत नाही. मोठे कारखाने कापणीचा आराखडा संगणकावर करतात. लहान कार्यशाळेत हे काम जुन्या मिस्त्रीच्या डोक्यात चालते आणि बरेचदा ते तितकेच चोख असते.

दुसरा निर्णय जोडांचा. पारंपरिक सुतारकामात एका लाकडाच्या टोकाला कोरलेले कुसू दुसऱ्याच्या भोकात बसवून जोड केला जाई. पाट, चौरंग, देवघर, झोपाळ्याची चौकट पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती या जोडामुळे आणि तो सैल झाला तरी पुन्हा ठोकून घट्ट करता येत असल्यामुळे. मिखाएल थोनेट यांच्या कारखान्याने १८५९ साली बाजारात आणलेली वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाची चौदा क्रमांकाची खुर्ची या विचाराची औद्योगिक आवृत्ती म्हणता येईल : सहा लाकडी भाग, काही स्क्रू आणि नट, आणि सुट्ट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. वाहतुकीत वाचणारी जागा म्हणजे वाचणारे इंधन, हे त्या काळी पर्यावरणाच्या नावाखाली कोणी सांगितले नव्हते. आजचे सुट्ट्या भागांचे फर्निचर हाच धडा गिरवते, परंतु त्यात एक दोष शिरला आहे. पार्टिकल बोर्डात थेट बसवलेला स्क्रू एकदा काढला की त्याच भोकात दुसऱ्यांदा धरत नाही, त्यामुळे भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाने दोनदा बिऱ्हाड हलवले की कपाट डुलू लागते आणि तिसऱ्या वेळी भंगारवाल्याकडे जाते. ज्या जागी स्क्रू वारंवार काढावा लागणार आहे तेथे धातूचा आटे असलेला तुकडा आधीच बसवणे, बिजागऱ्या सर्वत्र मिळणाऱ्या मापाच्या वापरणे आणि तळाची फळी स्वतंत्रपणे बदलता येईल अशी ठेवणे, हे खर्चाने किरकोळ पण परिणामाने मोठे उपाय आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नोंदींनुसार तेथील घनकचऱ्यात १९६० साली सुमारे २२ लाख टन फर्निचर व गृहसज्जेच्या वस्तू होत्या, २०१८ साली १ कोटी २१ लाख टन झाल्या आणि त्यांपैकी ८० टक्के जमिनीत पुरल्या गेल्या. लोकसंख्या त्या काळात दुपटीलाही पोहोचली नव्हती. वाढ माणसांची नव्हे, वस्तू टाकण्याच्या वेगाची आहे.

धातूच्या फर्निचरचाही न्याय याच तराजूत करायला हवा. गोदरेज कंपनीने १९२३ पासून बनवायला घेतलेले पोलादी कपाट मराठी घरांत लग्नाच्या वेळी येत असे आणि नातवंडांच्या हाती जात असे. पोलादाचा सुरुवातीचा कार्बनभार पन्नास वर्षांत विभागला की तो सौम्य होतो. तोच भार पातळ पत्र्याच्या, दोन पावसाळ्यांत गंजणाऱ्या कपाटाला माफ करता येत नाही. पत्र्याच्या कामात रंगापूर्वीच्या धुण्याची पायरी पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असते : तेल काढण्याच्या आणि फॉस्फेटचा थर चढवण्याच्या टाक्या गरम ठेवाव्या लागतात आणि त्यांच्या तळाशी जड धातूंचा गाळ साचतो. झिर्कोनियमवर आधारलेली नवी प्रक्रिया साध्या तापमानाला चालते आणि गाळ बराच कमी करते. त्यानंतरचे पावडर कोटिंग द्रावकाशिवाय होते आणि बाहेर उडालेली पावडर गोळा करून पुन्हा वापरता येते.

लाकडी कामातील पॉलिशबद्दल असे समाधान वाटत नाही. लाखेच्या पॉलिशची जागा मेलामाइन आणि पॉलियुरेथेन यांनी घेतली. ती अधिक चकचकीत आणि पाण्याला टिकणारी आहेत, परंतु त्यांच्या थिनरमधून उडणारी द्रव्ये फवारणी करणाऱ्याच्या फुप्फुसात आणि शहराच्या हवेत जातात. पाण्यावर आधारलेली पॉलिशे हा योग्य पर्याय आहे, मात्र मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत ती सावकाश वाळतात आणि ज्याच्याकडे कोरडी, बंदिस्त खोली नाही असा कारागीर जुलै महिन्यात पुन्हा थिनरकडे वळतो. त्याला उपदेश करण्यापेक्षा ती खोली उपलब्ध करून देणे अधिक उपयोगाचे. भुशाचेही तसेच. लाकडाची धूळ १९९५ पासून कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्याच गटात आहे, आणि प्रत्येक यंत्राच्या तोंडाशीच ती ओढून घेणारी नळी बसवणे हा एकमेव भरवशाचा उपाय आहे. स्वच्छ लाकडाच्या भुशाच्या विटा करून त्या जाळता येतात. लॅमिनेट आणि रेझिन असलेल्या तुकड्यांना हे लागू नाही. मुंबईच्या बेकऱ्यांच्या भट्ट्यांत वर्षानुवर्षे मोडक्या फर्निचरचे रंगवलेले, चिकटवलेले लाकूड स्वस्त जळण म्हणून गेले, त्याचा धूर वस्त्यांनी सोसला आणि अखेर २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाला बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगावे लागले. दोष बेकरीवाल्याच्या माथी मारला गेला. ते जळण निर्माण करणाऱ्या फर्निचर-व्यवसायाकडे कोणी बोट दाखवले नाही, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

भारतातील फर्निचरचा मोठा भाग कारखान्यात तयारच होत नाही. शहरी सदनिकेत राजस्थान, उत्तर प्रदेश किंवा बिहारमधून आलेले कारागीर महिना-दोन महिने मुक्काम करून जागेवरच कपाटे बांधतात; तेथे धूळ ओढणारे यंत्र नसते, उरलेल्या तुकड्यांचा हिशेब नसतो आणि काम संपताच सगळे गोण्यांत भरून खाली जाते. म्हणून या विषयावरील पुस्तके केवळ मोठ्या कारखान्याच्या व्यवस्थापकासाठी लिहिली गेली, तर ती उद्योगाच्या लहान तुकड्याशीच बोलतात. आठ ते बारा टक्के ओलाव्यापर्यंत लाकूड वाळवणारी भट्टी, फवारणीची बंदिस्त खोली आणि धूळ गोळा करण्याची यंत्रणा या तिन्ही गोष्टी एकट्या सुताराच्या आवाक्याबाहेरच्या असल्या, तरी एखाद्या औद्योगिक वसाहतीत सामाईकपणे चालवता येतात.

निर्यातीने हा बदल काही ठिकाणी सक्तीने घडवला आहे. जोधपूरचे कारखाने शीशम आणि आंब्याच्या लाकडाचे फर्निचर युरोप-अमेरिकेला पाठवतात. शीशम ज्या डाल्बर्जिया प्रजातीत मोडतो ती जवळजवळ सगळी प्रजाती २ जानेवारी २०१७ पासून वन्य वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली, म्हणजे तिच्या व्यापारास प्रमाणपत्राची गरज निर्माण झाली. शीशम भारतात शेतात आणि रस्त्याकडेला मुबलक वाढतो, त्यामुळे हे बंधन निर्यातदारांना जाचक वाटले आणि २०२२ च्या पनामा परिषदेत काही सवलत मिळाली. तरीही लाकडाच्या उगमाची लेखी नोंद ठेवण्याची सवय त्यातूनच लागली. युरोपीय संघाने २०२३ साली संमत केलेला जंगलतोडविरोधी नियम त्याहून पुढे जातो आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगलतोड झालेल्या जमिनीवरचे लाकूड नाकारून झाड जेथे उभे होते त्या जागेचे अक्षांश-रेखांश मागतो. त्याची अंमलबजावणी लांबणीवर पडत आली असली, तरी बांधावरची चार झाडे विकणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत ही मागणी कशी पोहोचवायची, याची तयारी उत्पादकाला आताच करावी लागणार आहे.

वापरून झालेल्या वस्तूंचे काय करायचे, याबाबत मात्र या देशाकडे आयते शहाणपण आहे. पुण्या-नाशकातले वाडे पाडले गेले तेव्हा त्यांचे खांब, तुळया आणि दारे टिंबर बाजारात आली आणि पुन्हा टेबले झाली; अलंगला मोडल्या जाणाऱ्या जहाजांतील फर्निचरची किनाऱ्यालगतच बाजारपेठ उभी राहिली; जोगेश्वरी आणि उल्हासनगरच्या बाजारांत जुने कपाट नवे होऊन विकले जाते. हे सर्व उत्पादकाच्या सहभागाशिवाय घडते. तो त्यात उतरला, म्हणजे आपण विकलेली वस्तू दहा वर्षांनी ठरलेल्या किमतीला परत घेण्याचे किंवा ती विकण्याऐवजी भाड्याने देण्याचे त्याने मान्य केले, तर मजबूत जोड आणि बदलता येणारे भाग यांचा फायदा प्रथम त्यालाच मिळतो. शाळा, रुग्णालये आणि सरकारी कार्यालये यांची खरेदी मात्र सर्वांत कमी दराच्या निविदेवर होते आणि त्या निविदेत टेबलाच्या लांबी-रुंदीचा उल्लेख असतो, त्याचे पाय आणि खण किती वर्षे सुटे मिळतील याचा नसतो. पंधरा वर्षे सुटे भाग पुरवण्याची अट निविदेत घातली गेली, तर दर थोडे चढतील, काही पुरवठादार गळतील आणि उरलेल्यांना आपली रेखाटने नव्याने काढावी लागतील.